हाताचे सांधे दुखत असतील, तर डॉक्टरांकडे केव्हा जावे

मनगट, कोपर, खांदा किंवा बोटांची पेरे दुखू लागली, की डॉक्टरांकडे जाणे हा आपल्या घरांत बहुधा शेवटचा उपाय असतो. इंदूरच्या मराठी कुटुंबांत आधी तेलाचे मालिश होते, मग आंबेहळदीचा लेप लागतो, मग कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून एखादी गोळी येते, आणि एवढ्यानेही भागले नाही तर कोणाच्या तरी ओळखीच्या पहलवानाकडे जाऊन हात ‘बसवून’ घेतला जातो. बहुतेक दुखणी काही दिवसांनी आपोआप ओसरतात, त्यामुळे या क्रमावर आपला विश्वासही बसलेला असतो. प्रश्न उरलेल्या थोड्या दुखण्यांचा आहे. त्यांतली काही तासांत, काही दिवसांत आणि काही महिन्यांत हाताचे कायमचे नुकसान करतात, आणि सुरुवातीला ती साध्या दुखण्यासारखीच भासतात. ती ओळखावी कशी आणि ओळखल्यावर किती वेळात कोठे जावे, एवढेच येथे सांगायचे आहे.

त्यासाठी दुखण्याच्या जोरावरून निर्णय घेण्याची सवय आधी सोडावी लागेल. दिवाळीच्या फराळासाठी दोन दिवस सोऱ्या फिरवल्यावर अंगठ्याच्या बुडाशी उठणारी कळ डोळ्यांत पाणी आणते, पण तिच्यामुळे सहसा काही बिघडत नाही. उलट आमवाताची सुरुवात सकाळच्या किंचित आखडलेपणाने होते, आणि हृदयविकाराच्या झटक्यात हात पुष्कळदा दुखतच नाही, नुसता जड वाटतो. म्हणून दुखण्यासोबत आणखी काय दिसते आहे आणि ते किती वेळापासून आहे, हे दोन प्रश्न आधी विचारावेत.

ताबडतोब १०८ला फोन करावा, अशी लक्षणे

खांद्यात, दंडात किंवा कोपरापर्यंत जडपणा अथवा आवळल्यासारखे दुखणे अचानक सुरू झाले, आणि त्यासोबत छातीवर दाब, दरदरून घाम, धाप, मळमळ किंवा जबड्यात ओढ असेल, तर ते सांध्याचे दुखणे समजू नये. हे दुखणे बहुधा डाव्या हातात येते, पण उजव्या हातात किंवा दोन्ही हातांतही येऊ शकते. स्त्रियांमध्ये, वृद्धांमध्ये आणि मधुमेहाच्या रुग्णांमध्ये कधीकधी छातीत विशेष काही जाणवतही नाही. केवळ हात जड होणे, घाम आणि विलक्षण थकवा एवढीच लक्षणे असतात. सांध्याचे दुखणे तो सांधा हलवला किंवा दाबला की वाढते. हृदयाचे दुखणे जिना चढल्यावर किंवा भराभर चालल्यावर वाढते, बसल्यावर कमी होते, आणि हात कसाही फिरवला तरी त्यात फरक पडत नाही. हा भेद उपयोगी असला, तरी शंका असताना त्याची परीक्षा घेत बसू नये. १०८वर फोन करावा. मध्य प्रदेशात ही रुग्णवाहिका मोफत मिळते. रुग्णाने स्वतः स्कूटर चालवत दवाखान्यात जाऊ नये.

एका हातातली ताकद एकाएकी गेली, हातातला कप निसटला, तोंड एका बाजूला वाकडे झाले किंवा बोलणे अडखळू लागले, तर तो पक्षाघात असू शकतो. मेंदूतली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि त्यातला बराच वेळ तपासणीत व सीटी स्कॅनमध्ये जातो. त्यामुळे हात कधी बिघडला ती वेळ लक्षात ठेवून थेट मोठ्या रुग्णालयात पोचावे. ‘नस दबली असेल’ असे म्हणून हात चोळत बसल्याने हीच मुदत हातची जाते.

पडल्यानंतर हाताचा आकार बदलला असेल, जखमेतून हाड दिसत असेल, किंवा बोटे थंड, पांढरी, निळसर वा बधिर पडली असतील, तर रक्तपुरवठा किंवा मज्जातंतू अडकला आहे असे समजून तत्काळ निघावे. हात सरळ करण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. ज्या स्थितीत कमी दुखते त्याच स्थितीत, जाड वर्तमानपत्राची घडी किंवा लाटणे आधाराला देऊन, ओढणीच्या झोळीत हात गळ्यात अडकवावा. शस्त्रक्रियेसाठी भूल द्यावी लागण्याची शक्यता असल्याने वाटेत खायला-प्यायला देऊ नये.

त्याच दिवशी दाखवावे, अशी दुखणी

या गटातले सर्वांत महत्त्वाचे लक्षण म्हणजे एकच सांधा अचानक सुजणे, लाल होणे, हात लावला तर गरम लागणे आणि जराही हलवू न देणे. सोबत ताप किंवा थंडी असेल तर सांध्यात जंतुसंसर्ग होऊन पू झाला असण्याची शक्यता धरावी लागते. सांध्यातला पू कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणाला, काही दिवसांतच खातो, आणि एकदा गेलेली कूर्चा पुन्हा येत नाही. मधुमेह असणाऱ्यांना, स्टेरॉइडची औषधे घेणाऱ्यांना, डायलिसिसवर असणाऱ्यांना आणि सांध्यात नुकतेच इंजेक्शन घेतलेल्यांना हा धोका जास्त असतो. शिवाय यांतल्या काहींना ताप येतही नाही, त्यामुळे ‘ताप नाही म्हणजे काळजी नाही’ असे म्हणता येत नाही. डॉक्टर अशा सांध्यातून सुईने पाणी काढून तपासतात, आणि त्या तपासणीवर पुढचे सारे अवलंबून असते. म्हणूनच घरात शिल्लक राहिलेली अँटिबायोटिकची गोळी आधी घेऊ नये, कारण त्यामुळे तपासणीत जंतू सापडत नाहीत. शेक आणि मालिश तर अशा वेळी मुळीच करू नये. युरिक अॅसिड वाढल्याने होणारा गाऊटही असाच लालबुंद सांधा देतो, आणि तो पायाच्या अंगठ्याप्रमाणे मनगटात किंवा कोपरातही येतो. पण दोहोंतला फरक घरी बसून ठरवता येत नाही, आणि झटक्याच्या काळात रक्तातले युरिक अॅसिड सामान्य दिसू शकते. डॉक्टरांनाही पुष्कळदा सुईने काढलेले पाणीच खरे काय ते सांगते.

बोटाचा संसर्ग ही अशीच दुर्लक्षित होणारी बाब आहे. बागेतला गुलाबाचा काटा, भांडे घासताना टोचलेली तार किंवा सुई यांमुळे तळहाताकडच्या बाजूने स्नायूबंधाच्या आवरणात पू होतो. चार गोष्टी पाहाव्यात: बोट मुळापासून टोकापर्यंत सारखे सुजलेले आहे का, ते आपोआप किंचित वाकून राहते का, तळहाताकडून बोटाच्या रेषेवर दाबले तर दुखते का, आणि दुसऱ्या कोणी ते हळूच सरळ केले तर असह्य कळ येते का. यांतल्या दोन गोष्टी जरी आढळल्या तरी संध्याकाळची वाट न पाहता शल्यचिकित्सकाला दाखवावे, कारण हे बोट पोटीस बांधून बरे होत नाही आणि उशीर झाल्यास कायमचे ताठ होते.

प्लास्टर घातल्यानंतर दुखणे कमी होण्याऐवजी वाढत जाणे, बोटे हळूच सरळ केली तरी कळ येणे, मुंग्या येणे, बोटे फुगणे, यांचा अर्थ आत दाब वाढतो आहे असा असू शकतो. दाबाखाली स्नायू काही तासांतच मरू लागतात, त्यामुळे ‘उद्या ओपीडीत दाखवू’ हा विचार येथे महागात पडतो. रात्री दोन वाजताही आपत्कालीन विभागात जाऊन प्लास्टर सैल करून घ्यावे. पहलवानाने घट्ट बांधलेल्या खपच्च्यांच्या बाबतीत हा धोका अधिक असतो, कारण तेथे एक्स-रे नसतो आणि बांधल्यानंतर नाडी तपासणारेही कोणी नसते. अशा बांधणीमुळे मुलांचे हात कायमचे आखडल्याची, क्वचित सडल्याची उदाहरणे अस्थिरोगतज्ज्ञांना अपरिचित नाहीत. मुरगळलेल्या घोट्याला कोणी मालिश केले तर मी वाद घालणार नाही, पण मोडलेले किंवा निखळलेले हाड एक्स-रेशिवाय कोणाच्याही हाती देऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

लहान मुलांविषयी थोडे. चार-पाच वर्षांच्या आतले मूल, हात धरून वर उचलल्यानंतर किंवा रस्ता ओलांडताना ओढल्यानंतर, एकदम रडते आणि मग हात अंगाशी लटकता ठेवते. कोपरातल्या एका हाडाचे टोक आपल्या बंधातून किंचित सरकलेले असते. डॉक्टर ते क्षणात जागेवर आणतात आणि मूल थोड्याच वेळात त्याच हाताने खेळू लागते. मात्र मूल पडले असेल, संक्रांतीला पतंग उडवताना गच्चीच्या पायरीवरून घसरले असेल आणि कोपर सुजले असेल, तर ते कोपराच्या वरचे हाड मोडल्याचे लक्षण असू शकते, आणि त्यात हाताची मुख्य रक्तवाहिनी दबण्याचा धोका असतो. तेव्हा लगेच रुग्णालयात न्यावे.

हात टेकून पडल्यानंतर

पावसाळ्यात निसरड्या रस्त्यावर दुचाकी घसरणे, न्हाणीघरात पाय सरकणे, रंगपंचमीच्या गेरीत, म्हणजे मिरवणुकीत, धक्का लागून पडणे, या सर्वांत माणूस आपोआप हात पुढे करतो आणि शरीराचा भार पसरलेल्या तळहातावर येतो. पडल्यानंतरचे पहिले काम हातातले दागिने काढण्याचे आहे. अंगठी, पाटल्या, बांगड्या, घड्याळ, मनगटाला बांधलेला गंडा, सारे सूज येण्यापूर्वी उतरवावे. सूज चढल्यावर अंगठी बोटात रुतते, बोटाचे रक्त अडते आणि ती कापावी लागते. अंगठी अडकलीच तर हात काही मिनिटे उंच धरावा, बोटाला साबणाचे पाणी किंवा तेल लावावे, आणि पातळ रेशमी दोऱ्याचे टोक अंगठीखालून तळहाताच्या बाजूला काढून उरलेला दोरा अंगठीपासून पेराच्या पुढेपर्यंत जवळजवळ व घट्ट गुंडाळावा. मग तळहाताकडचे टोक धरून दोरा सोडवत गेले, की अंगठी एकेक वेढा पुढे सरकते. बोट मोडल्याची शंका असेल किंवा ते निळे पडू लागले असेल, तर हा खटाटोप न करता रुग्णालयात जाऊन अंगठी कापून घ्यावी. सोन्याची अंगठी सराफ पुन्हा जोडून देतो.

त्यानंतर रुमालात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे लावावा, हात हृदयापेक्षा उंच ठेवावा आणि मालिश टाळावे. पुढच्या एक-दोन दिवसांत हाडाला हात लावल्यावर दुखत असेल, मूठ वळत नसेल किंवा वस्तू उचलता येत नसेल तर एक्स-रे काढावा. मनगटाच्या एका विशिष्ट हाडाविषयी येथे सावध करणे जरूर आहे. अंगठा ताणून वर केला, की त्याच्या बुडाशी मनगटाच्या कडेला एक खळगा दिसतो. त्या खळग्यात बोटाने दाबल्यावर दुखत असेल, तर स्कॅफॉइड नावाचे छोटे हाड मोडले असू शकते. हे मोड पहिल्या एक्स-रेत पुष्कळदा दिसत नाही, आणि ‘एक्स-रे साफ आहे’ हे ऐकून रुग्ण निश्चिंत होतो. या हाडाला रक्त बाहेरच्या टोकाकडून मिळते, त्यामुळे मधोमध मोडल्यास आतला तुकडा रक्ताविना मरण्याची भीती असते. खळग्यात दुखत असेल तर एक्स-रे साफ असला तरी आधारपट्टी ठेवून १० ते १४ दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढावा किंवा एमआरआय करावा, हे डॉक्टरांना आपणहून विचारावे.

पन्नाशीनंतरच्या स्त्रियांमध्ये साध्या पडण्याने मनगट मोडते, ते बहुधा कोलेस फ्रॅक्चर असते. डब्लिनचे शल्यविशारद अब्राहम कोलेस यांनी १८१४ मध्ये, म्हणजे एक्स-रेचा शोध लागण्याच्या ८१ वर्षे आधी, केवळ हाताचा आकार पाहून आणि बोटांनी चाचपून त्याचे वर्णन केले. उभ्या उंचीवरून पडून हाड मोडले याचा अर्थ हाडे ठिसूळ झाली असावीत असा होतो. प्लास्टर निघाले म्हणजे काम संपले, असे आपल्याकडे सर्रास मानले जाते. खरे तर याच वेळी हाडांची घनता मोजणारी डेक्सा चाचणी करून उपचार सुरू केले, तर पुढचे खुब्याचे फ्रॅक्चर टळू शकते, आणि खुब्याचे फ्रॅक्चर मनगटाच्या मानाने फार मोठे संकट असते.

पडल्यानंतर खांद्याचे हाड शाबूत आहे पण हात स्वतःहून वर जात नाही, दुसऱ्याने उचलला तर जातो, अशी स्थिती असेल तर खांद्याचा स्नायूबंध तुटलेला असू शकतो. हे आठवड्याभरात दाखवावे, कारण शिवायचा असेल तर तो लवकर शिवलेला बरा.

पावसाळ्यातला ताप आणि दुखणारी मनगटे

ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत इंदुरात डेंग्यू-चिकुनगुनियाचे दिवस असतात. एकाएकी चढलेला ताप आणि त्याबरोबर दोन्ही मनगटे, बोटे, घोटे इतके दुखणे की पाण्याचा तांब्या उचलवत नाही, हे चिकुनगुनियाचे नेहमीचे रूप आहे. पण पहिल्या काही दिवसांत डेंग्यूही असाच दिसतो. म्हणून डेंग्यू नाही हे तपासणीने ठरेपर्यंत अॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांपैकी काहीही घेऊ नये, कारण त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. तापाला फक्त पॅरासिटामॉल घ्यावे. पोटात जोरात दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा गुंगी आल्यास त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.

चिकुनगुनियाचा ताप आठवड्यात उतरतो, सांधे मात्र काही आठवडे, कित्येकदा काही महिने दुखत राहतात. हा काळ कंटाळवाणा असतो, आणि ‘एक इंजेक्शन घेतले की मोकळे’ असे सांगणारे नेमके याच वेळी भेटतात. त्या इंजेक्शनात बहुधा स्टेरॉइड असते. दुखणे तीन महिन्यांपलीकडे टिकले, किंवा सहा आठवड्यांनंतरही सांध्यांवर सूज दिसत असेल, तर संधिवाततज्ज्ञांना दाखवावे.

सकाळी आखडणारी बोटे

माझ्या मते या संपूर्ण विषयात आपल्या समाजाचे सर्वांत जास्त नुकसान येथे होते. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, ज्याला आपण आमवात म्हणतो, तो पुरुषांच्या मानाने स्त्रियांना दोन ते तीन पट अधिक होतो, आणि बहुधा संसाराच्या ऐन धामधुमीत, तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान सुरू होतो. त्यात शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती सांध्यांच्या अस्तरावर चालून जाते. घरातल्या बाईने ‘सकाळी बोटे वळत नाहीत’ असे सांगितले, तर ‘थंडी आहे’, ‘वय झाले’ किंवा ‘काम जास्त पडले’ असे उत्तर मिळते, आणि तीही ते मान्य करते. यात वर्ष निघून जाते.

ओळखण्याची खूण सकाळच्या वेळेत आहे. झिजेच्या संधिवातातही सकाळी बोटे आखडतात, पण पाच-दहा मिनिटांत, फार तर अर्ध्या तासात मोकळी होतात आणि दिवसभर काम केल्यावर अधिक दुखतात. आमवातात आखडलेपणा अर्ध्या तासाहून जास्त, बहुधा तासभर किंवा अधिक टिकतो, आणि हात वापरल्यावर उलट बरे वाटते. उठल्यावर चहाचे पातेले दोन्ही हातांनी धरावे लागते, कपाचा कान बोटांत धरता येत नाही, ब्लाउजचे हूक लागत नाहीत, कणीक मळताना मूठ आवळत नाही, आणि दहा वाजता मात्र सारे ठीक चालते, असे वर्णन ऐकले तर हवामानाला दोष देऊ नये. त्यानंतर हात पाहावेत. आमवात बोटांची मुळे, मधली पेरे आणि मनगटे धरतो, बहुधा दोन्ही हातांची सारखी, आणि नखाजवळची पेरे सोडतो. झीज नखाजवळच्या पेरांना आणि अंगठ्याच्या बुडाला धरते, तेथे टणक गाठी येतात. आमवाताची सूज दाबल्यावर मऊ लागते. चारही बोटांची मुळे दोन्ही बाजूंनी एकत्र हळूच दाबून पाहावीत. हस्तांदोलनाएवढ्या दाबानेही कळ आली, तर ते तपासणीला जाण्याचे पुरेसे कारण आहे.

सुजलेला सांधा दिसला की सहा आठवड्यांच्या आत संधिवाततज्ज्ञाने पाहावे आणि गरज असल्यास तीन महिन्यांच्या आत मूळ आजार रोखणारे औषध सुरू व्हावे, असे युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेचे मार्गदर्शन आहे. या मुदतीत औषध सुरू झाल्यास आजार शांत होऊन हात वाचण्याची शक्यता सर्वाधिक असते. वाकडी झालेली बोटे मात्र नंतर कोणत्याही गोळीने सरळ होत नाहीत. आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. ‘आरए फॅक्टर’ची रक्तचाचणी निगेटिव्ह आली म्हणजे आमवात नाही, असे ठरत नाही, कारण बऱ्याच रुग्णांमध्ये, विशेषतः सुरुवातीला, ती निगेटिव्ह असते, आणि काही निरोगी वृद्धांमध्ये ती पॉझिटिव्हही येते. निदान हात तपासून, अँटी-सीसीपी, ईएसआर, सीआरपी यांसारख्या रक्तचाचण्यांची सांगड घालून केले जाते. सांधेदुखीसोबत चेहऱ्यावर चट्टे, तोंडात व्रण, केस गळणे, नखांवर बारीक खळगे किंवा अंगावर खवले असतील तर तेही डॉक्टरांना सांगावे, कारण ल्युपस हा प्रतिकारशक्तीचा आजार आणि सोरायसिस या त्वचारोगाचा संधिवात यांच्या खुणा अशाच असतात. एकच सांधा महिनोन्महिने हळूहळू सुजत असेल, संध्याकाळी ताप येत असेल आणि वजन घटत असेल, तर आपल्या देशात क्षयरोगाचा विचार करावाच लागतो.

दोन आठवडे वाट पाहिली तरी चालते, अशी दुखणी

स्पष्ट कारण आहे, ताप नाही, सूज नाही, बधिरता नाही, अशा दुखण्याला दोन आठवडे विश्रांती आणि साधी काळजी देऊन पाहण्यास हरकत नाही. दुखणारे काम थांबवावे किंवा निम्मे करावे, पण सांधा पूर्ण बांधून ठेवू नये, कारण न हलवलेला सांधा आखडतो. दोन आठवड्यांत उतार पडला नाही, दुखणे परत परत येऊ लागले, रात्री झोपमोड होऊ लागली किंवा रोजची कामे अडू लागली, तर फॅमिली डॉक्टरांकडे जावे. मधुमेह असणाऱ्यांनी दोन आठवडेही थांबू नये.

बाळाला काखेत धरून वारंवार उचलल्याने आई-आजीच्या अंगठ्याच्या बाजूचे मनगट दुखते. त्याला आधारपट्टी आणि उचलण्याची पद्धत बदलणे पुष्कळदा पुरते. कोपराच्या बाहेरच्या बाजूचे दुखणे, ज्याला टेनिस एल्बो म्हणतात, ते टेनिसचा चेंडूही न पाहिलेल्या गृहिणीला कपडे पिळून आणि पोळ्या लाटून होते, आणि सहा महिने ते वर्षभरात बहुधा आपोआप जाते. त्यासाठी स्टेरॉइडचे इंजेक्शन घेण्याची घाई करू नये. काही आठवडे आराम पडतो, पण दुखणे परतण्याचे प्रमाण वाढते.

रात्री अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांत मुंग्या येऊन जाग येते आणि हात झटकल्यावर बरे वाटते, तेव्हा मनगटातली नस दबलेली असते. गर्भारपणात, थायरॉइड कमी असताना आणि मधुमेहात हे अधिक आढळते. रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी बांधून पाहावी. मात्र मुंग्या दिवसभर टिकू लागल्या, शर्टाचे बटण बोटांना जाणवेनासे झाले किंवा अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा सपाट दिसू लागला, तर विलंब करू नये, कारण वाळलेला स्नायू शस्त्रक्रियेनंतरही पूर्ण भरून येतोच असे नाही. मान हलवल्यावर हातात वीज गेल्यासारखी कळ येत असेल, तर मूळ मानेत असते. त्यासोबत चालताना तोल जात असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर त्याच दिवशी दाखवावे.

खांदा हळूहळू आखडत जाऊन हात पाठीमागे जाईनासा झाला, वेणी घालता येईना किंवा वरच्या फडताळातला डबा काढता येईना, तर तो फ्रोझन शोल्डर असतो. मधुमेहात तो नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त आढळतो, इतका की चाळिशीनंतर विनाकारण आखडलेल्या खांद्यासाठी गेल्यावर रक्तातली साखर तपासून घेणे शहाणपणाचे ठरते. धूम्रपान करणाऱ्याचा खांदा व हात महिनोन्महिने दुखत असेल आणि त्याच बाजूची पापणी उतरल्यासारखी दिसत असेल, तर फुप्फुसात काही नाही ना, हे पाहण्यासाठी छातीचा एक्स-रे काढावा.

गोळ्या, मलम आणि पुड्या

डायक्लोफिनॅक, असेक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या गोळ्या मेडिकलमध्ये सहज मिळतात म्हणून निरुपद्रवी नाहीत. त्यांनी जठरात व्रण होतात, रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडे आणि हृदय यांवर ताण येतो. साठीनंतर, किंवा रक्तदाब, हृदयविकार, मूत्रपिंडाचा विकार अथवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असताना, त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही दिवस घेऊ नयेत. इतरांनीही दहा दिवसांपलीकडे स्वतःच्या मनाने जाऊ नये. बोटांच्या झिजेच्या दुखण्याला याच औषधाचे मलम पुष्कळदा पुरते आणि ते रक्तात कमी उतरते. पॅरासिटामॉल तुलनेने सुरक्षित आहे, परंतु सर्दीच्या गोळ्यांतही ते असते, त्यामुळे सर्व मिळून दिवसाला तीन ग्रॅमच्या वर जाऊ नये.

‘सांधेदुखीवर रामबाण’ म्हणून मिळणाऱ्या निनावी पुड्यांबद्दल मला विशेष काळजी वाटते. ज्या पुडीवर घटकांची यादी नाही, उत्पादकाचे नाव नाही, आणि जी घेताच दोन दिवसांत जादू व्हावी तसा आराम पडतो, तिच्यात स्टेरॉइड मिसळलेले असण्याची शक्यता मोठी असते. काही महिन्यांत चेहरा गोल होतो, साखर वाढते, कातडी पातळ होते, हाडे ठिसूळ होतात. अशी पुडी बरेच दिवस घेतली असेल तर ती एकदम बंदही करू नये, कारण शरीराची स्वतःची स्टेरॉइड तयार करण्याची क्रिया मंदावलेली असते. पुडी सोबत घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि किती दिवस घेतली ते न लाजता सांगावे.

कोठे जावे आणि काय सोबत न्यावे

दुखणे तातडीचे नसेल तर फॅमिली डॉक्टरांपासून सुरुवात करावी. दुखापतीला अस्थिरोगतज्ज्ञ, सुजलेल्या अनेक सांध्यांना संधिवाततज्ज्ञ आणि बधिरतेला मज्जाविकारतज्ज्ञ, अशी साधारण वाटणी लक्षात ठेवावी. महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले महाराजा यशवंतराव रुग्णालय, म्हणजे आपले एम. वाय., येथे अपघात आणि आपत्कालीन रुग्ण रात्रंदिवस घेतले जातात. ओपीडीसाठी मात्र सकाळी लवकर जाऊन परचा काढावा. आयुष्मान कार्डावर कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे आणि २०२४पासून ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, ते मिळू शकते. ते प्रामुख्याने भरती होऊन घ्यावयाच्या उपचारांसाठी असल्याने ओपीडीचा खर्च वेगळा धरावा. सरकारच्या ई-संजीवनी सेवेवरून मोबाइलवर मोफत सल्ला मिळतो, तो अहवाल दाखवण्यासाठी उपयोगी आहे. इंदूरच्या रामबागेत किंवा सुदामानगरात दोघेच वृद्ध राहतात आणि मुले पुण्याला असतात, अशी आपली पुष्कळ घरे आहेत. मुलांना पाठवलेल्या सुजलेल्या हाताच्या फोटोवरून औषध ठरवले जाते. फोटो जरूर काढावा, कारण सूज दवाखान्यात पोचेपर्यंत उतरू शकते, पण तो डॉक्टरांना दाखवण्यासाठी ठेवावा.

जाण्यापूर्वी एका कागदावर लिहावे: दुखणे केव्हा सुरू झाले, कोणत्या सांध्यात, सकाळी किती मिनिटे हात आखडतो, कोणते काम अडते, गेल्या महिन्यात ताप आला होता का, आणि कोणती औषधे चालू आहेत, त्यांत तेले, काढे आणि पुड्याही आल्या. नखांना रंग लावू नये, कारण नखे पाहून पुष्कळ कळते. निघण्यापूर्वी डॉक्टरांना ‘किती दिवसांत फरक पडायला हवा आणि न पडल्यास केव्हा परत येऊ’ हे विचारून घ्यावे.

आमवाताचे निदान झाले तर बहुधा मेथोट्रेक्सेटची गोळी सुरू होते. ती गर्भारपणात चालत नाही, म्हणून मूल हवे असल्यास आधी सांगावे. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतल्यास तोंडात व्रण येतात, रक्तपेशी घटतात आणि जीवावर बेतू शकते. कोणत्या वारी घ्यायची तो वार चिठ्ठीवर डॉक्टरांकडूनच ठळक अक्षरांत लिहून घ्यावा, आणि घरातल्या आणखी एका माणसाला तो सांगून ठेवावा.